कुंदा तासण्याचं खूळ

आमच्या घरात एक रायफल होती. बदली होऊन निघालेल्या एका गोऱ्या अंमलदाराकडून यांनी ती रीतसर परवान्यासह घेतली. हे सोलापुरात वकिली करत. माढ्याच्या मळ्यात रानडुकरं ऊस मोडत होती, म्हणून ही खरेदी. माझी तक्रार नव्हती. पुढे जे झालं त्याची होती.

पावसाळ्यात रायफल डावीकडे मारू लागली. गावाबाहेरच्या मातीच्या बांधावर कागद डकवून यांनी तीन रविवार नेम धरला आणि निदान केलं: कुंद्याचं, म्हणजे नळी ज्यात बसते त्या दस्त्याचं, लाकूड फुगून नळीला उजवीकडून रेटतंय, ते तासलं पाहिजे. निदान बरोबर होतं, हे मला आजही कबूल आहे. पण ते सुताराला सांगून मोकळं व्हावं, तर नाही. वकिलांना सगळं स्वतःलाच येतं.

लाकूड कुठे टेकतं ते कळायला नळीला काजळी फासायची, ती कुंद्यात बसवायची, उचलायची आणि काळं दिसेल तिथे काचेच्या तुकड्याने खरवडायचं. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं माझं काजळ त्यात संपलं. पाटावर, उशीच्या अभ्र्यावर, दाराच्या कडीवर काळी बोटं. भुसा तर वरणातसुद्धा यायचा. मी बोलले की म्हणत, “अगं, एवढंच राहिलंय.” एवढंच करता करता दोन महिने गेले.

आणि काळं दिसेल ते सगळंच यांनी खरवडलं. जिथे घोडा-खटक्याचं यंत्र कुंद्यात घट्ट बसायला हवं, तिथलंही. रायफल आता डावीकडे मारीना, मनाला येईल तिकडे मारू लागली. यांचं म्हणणं, काडतुसं सर्दावली.

दिवाळीनंतर आम्ही मळ्यावर गेलो. उन्हं कलताना उसातून डुक्कर निघालं. यांनी बार काढला. डुक्कर सावकाश ओढ्याकडे गेलं आणि विहिरीवर टांगलेल्या मोटेच्या कातड्याला आरपार भोक पडलं. विहिरीवर कुणी नव्हतं, ही देवाची कृपा. मोट शिवून येईपर्यंत दोन दिवस उसाला पाणी नाही. आमचा म्हातारा वाटेकरी भोकात बोट घालून बघत राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, “वकीलसाहेब, डुकरं परवडली की. बंदूक तुमी घरीच ठिवा.”

रात्री आम्ही सोलापूरला परतलो. दुसऱ्या दिवशी हे कोर्टात गेल्यावर मी कुंदा तेवढा सोडवून घेतला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि मागाचे धोटे करणाऱ्या तेलुगू सुताराकडे नेला. त्याने अंगठा फिरवला आणि मोडक्या मराठीत विचारलं, हे उंदरांनी खाल्लं का? मी हो म्हणाले. त्याने धोट्याच्या शिसवी लाकडाचा तुकडा यंत्राच्या बैठकीत ठोकून बसवला, आणि नळीची खाच मात्र होती तशीच मोकळी ठेवली.

संध्याकाळी मी यांच्यापुढे कुंदा ठेवला. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. हे बराच वेळ तो उलटासुलटा करून पाहत होते.

“तू काय सांगितलंस त्याला?”

“सांगितलं, उंदरांनी खाल्लं.”

यांनी नळी कुंद्यात बसवली आणि स्क्रू आवळले. रविवारी बांधावर पाच गोळ्या विड्याच्या पानाएवढ्या जागेत लागल्या. तो कागद यांनी बैठकीत लावला आणि येईल त्या अशिलाला सांगू लागले, कुंद्याचं काम घरीच केलं. मी आतून ऐकायची आणि दात ओठ खायची.

बरं, एवढ्यावर थांबावं? महिन्याभरात यांच्या लक्षात आलं की कुंदा खांद्याला बोटभर लांब पडतो. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा करवत अर्ध्यावर पोचली होती.