नाना सरांनी जोडलेला वर्ग

प्रोग्रॅम चालवायच्या आधी नाना सर अख्ख्या वर्गाला उभं करायचे. जळगावच्या आमच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवणारा हा माणूस एरवी प्रमाण मराठी बोले, पण रंगात आला की थेट अहिराणीत शिरे. "प्रोग्रॅम पयी राहिना, तुम्ही बसी का राहिनात?" प्रोग्रॅम पळतोय नि तुम्ही बसून का, असं म्हणाले की आम्ही हसू दाबत उभे!

त्या हिवाळ्यात वर्ग धुळेवाले आणि जळगाववाले असा फुटला. क्रिकेटमधल्या एका रनआउटवरून धुळ्याचा पंकज आणि जळगावचा किरण यांचं इतकं बिनसलं, की दोघांनी वर्गाच्या भरीत पार्ट्याही वेगळ्या ठरवल्या. मी वरणगावची, म्हणजे दोन्ही शहरांबाहेरची. खोलीवर धुळ्याची रेखा, बाकावर जळगावची स्वाती. कुठेही गेले तरी एक मैत्रीण दुखावणार!

सर म्हणाले, "आठवडाभर डबा कोणाबरोबर खाल्लात, त्यांची नावं प्रत्येकानं द्या. ज्या याद्यांत एक जरी नाव सारखं, त्या एका गटात. माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, हे गट जोडेल. एकच गट उरला तर पार्टी एकच. कबूल?"

दोघंही ऐटीत "कबूल" म्हणाले.

आम्ही उभे राहिलो. स्क्रिप्ट चालून थांबली. गट दोन! पंकज-किरणनं टाळ्या वाजवल्या, सरांचा चेहरा पडला. मला राहवेना.

"सर, माझ्या यादीत रेखाही आहे, स्वातीही आहे. मग मी एकाच गटात कशी?"

सर धावतच कोडकडे गेले. पहिला जुळणारा गट सापडला की स्क्रिप्ट यादी त्यात टाकून मोकळी होत होती. ती दुसऱ्या गटाशीही जुळते का, हे पाहतच नव्हती. चूक सरांची, पण खुशी अशी, जणू पदकच मिळालं!

"पोरी, मनी चूक शे! जितला गट जुळतीन, तितला बठ्ठा एक कराना!"

जुळणारे सगळे गट एक करायचे, अशी दुरुस्ती झाली. पुन्हा सगळे उभे. गट एक! वर्गात नुसता कल्ला. मी तर बाकावरच चढले होते.

पार्टीला जळगावजवळच्या असोद्याच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली आणि सरांनी भरीत ठेचायला मुद्दाम पंकज-किरणला बसवलं. आधी दोघं तोंड फिरवून ठेचत राहिले. मग मिरच्या कोणी जास्त घातल्या यावरून जुंपली, आणि भांडता भांडता दोघांनाही हसू फुटलं.

गेल्या वर्षी सर अचानक गेले. अंत्यविधी यावलजवळच्या त्यांच्या गावी होता. पंकज धुळ्याहून गाडी घेऊन आला, जळगावात किरणला आणि मला घेतलं. यावलच्या रस्त्यावर किरणला रडू आवरेना. पंकजनं गाडी केळीच्या बागेच्या कडेला थांबवली आणि त्याला मिठी मारली.