हातात का बुडात?

गाडी थरथरते म्हणून कुणी आला की जिलानीचाचा बॉनेटला हात लावायचे नाहीत. गाडीवाल्याला खाली उतरू न देता खिडकीशी वाकायचे आणि विचारायचे, "हातात येऊन राहिलं का बुडात?"

नवखा माणूस गोंधळायचा. शेजारी बायको बसलेली असली तर लाजायचा. चाचांना त्याचं काही नव्हतं. थरथर स्टिअरिंगमधून हातात येत असली तर पुढची चाकं बघायची, सीटमधून बुडात येत असली तर मागची. आणि गाडी जागेवर उभी असतानाच आरसा, दार, डॅशबोर्डावरचा गणपती सगळंच हलत असलं, तर मग इंजिनाकडे वळायचं. "इंजिन सगळ्यात महाग, म्हणून त्याला सगळ्यात शेवटी हात," असं त्यांचं म्हणणं. "लोकं उलटं करतेत."

कुणी घरूनच निदान करून आला की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. एकानं गाडीतून उतरता उतरता डिझेल फवारणारं नोझल गेल्याचं सांगितलं. चाचांनी पान्यांची पेटी उचलून त्याच्या पायाशी ठेवली. "दुखणं तुमी सांगा, नाव मी सांगतो. नावबी तुमीच सांगणार असाल तर हे पाने घ्या."

आखाडा बाळापूरला नांदेड-हिंगोली रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. उंच, हाडकुळे, मेंदी लावलेली दाढी, आणि उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात मफलर. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे. चाचा विहिरीवरच्या ऑइल इंजिनांपासून सुरुवात करून मोटारींपर्यंत आले. नम्रपणा त्यांच्या गावी नव्हता. या रोडवर आपल्याएवढं इंजिन कुणाला कळत नाही, हे ते स्वतःच सांगायचे आणि समोरचा मान हलवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे.

मी जुन्या गाड्यांचा व्यवहार करतो. ट्रकवर क्लीनर होतो, तिथून इथपर्यंत आलो. वडिलांनी मला शेत दिलं नाही की दुकान दिलं नाही, तोंड तेवढं दिलं. त्याच्यावर पोट भरतो. घासाघीस करतो आणि ती उघड करतो. चाचांची आणि माझी पहिली भेट अशीच झाली. काम होत आलं होतं आणि मी मजुरीवरून हुज्जत घालायला लागलो. नुकताच बसवलेला नट त्यांनी पुन्हा उलटा फिरवायला घेतला. तो निघाला, मग त्याच्या शेजारचा निघायला लागला. तिसऱ्याला पाना लागल्यावर मी गप्प झालो. आयुष्यात मी ज्यांच्यापुढे भाव पाडू शकलो नाही अशी माणसं थोडी आहेत. त्यांतले हे पहिले. त्या दिवसापासून विकायची प्रत्येक गाडी मी आधी त्यांच्याकडे नेली.

आता देवरावबद्दल सांगितलं पाहिजे. कुरुंद्याचा हळदीचा व्यापारी. बोलणं गोड, वजन मोठं. त्यानं माझ्याकडून एक डिझेल गाडी घेतली. काही आठवड्यांनी ती उभ्या उभ्या थरथरायला लागली. त्यानं ती मला दाखवायला हवी होती. तो गेला शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये. तिथं कुणीतरी नुसतं कान देऊन सांगितलं की इंजिन संपलंय. मग बाळापूरच्या बाजाराच्या दिवशी, चहाच्या टपरीवर, पन्नास माणसांत देवराव म्हणाला, "सुभाषनं मला मेलेलं इंजिन इकलं."

माझ्या धंद्यात माल दुसऱ्याचा असतो, गिऱ्हाईकही दुसऱ्याचंच असतं. स्वतःचं फक्त नाव असतं. ते वाक्य संध्याकाळपर्यंत कळमनुरीला पोचलं होतं. मी त्याच्या घरी जाऊन गचांडी धरणार होतो. वाटेत चाचांकडे थांबलो आणि म्हणालो, चला माझ्यासोबत, इंजिन चांगलं होतं एवढं तोंडावर सांगा.

"मी तुझा वकील न्हाई," चाचा म्हणाले. "गाडी इथं आण म्हणावं. बघतो. जे निघंल ते सगळ्यांसमोर बोलणार. तुझ्या इरुद्ध निघालं तरी बोलणार. चालतं का?"

चालतं म्हणालो. मला इंजिनाची खात्री होती.

देवराव आला, सोबत चार-पाच माणसं घेऊन. टपरीवरचे लोकही सरकत सरकत गॅरेजपर्यंत आले. चाचा खिडकीशी वाकले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. देवराव म्हणाला, सगळ्या अंगात येतंय, उभ्या गाडीत जास्त. चाचांनी त्याला शेजारी सरकवलं, स्वतः चालवायला बसले, मला मागे बसवलं. रस्त्याला लागल्यावर गाडी चांगली पळवली. पळताना काही नव्हतं. मग मध्येच न्यूट्रल केली. चाकं जोरात फिरत होती आणि इंजिन मंदावलं होतं. लगेच थरथर आली. "चाकांचा दोष न्हाई, ती सुटली यातून," चाचा म्हणाले. परत येऊन उभ्या गाडीत क्लच दाबून बघितला. फरक नाही. रेस दिली की थरथर जायची, सोडली की यायची. म्हणजे दुखणं इंजिनापाशीच होतं. देवरावच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

मग चाचांनी बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलची वायर काढायला लागले. वायर काढली की तो सिलिंडर बंद पडतो. इंजिन अडखळलं तर समजायचं की तो काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच मेलेला. पहिली वायर काढली, इंजिन अडखळलं. लावली. दुसरी काढली, अडखळलं. तिसऱ्याला तसंच, चौथ्यालाही तसंच.

"चारी जिवंत हायेत," चाचा म्हणाले.

मी देवरावच्या अंगावर गेलोच. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. चाचांनी मफलरचं टोक माझ्या छातीवर मारलं. "थांब. मेलेलं न्हाई एवढंच कळलं. काहून थरथरतंय ते कुठं कळलंय अजून?"

ते गाडीखाली गेले. इंजिन चेसीवर थेट बसत नाही, जाड रबरांवर बसतं. मेकॅनिक लोक त्याला फाउंडेशन म्हणतात. इंजिनाची धडधड त्या रबरानं गिळायची, माणसापर्यंत येऊ द्यायची नाही. चाचा बराच वेळ खाली होते. बाहेर आले ते उभे राहिलेच नाहीत, तिथंच मातीत बसले. माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं. गाडी विकण्याआधी ते रबर त्यांनीच नवीन टाकलं होतं.

देवरावच्या मागे उभा राहून मी मान हलवायला लागलो. बोलू नका. रस्त्यावरच्या खड्ड्यांचं नाव घ्या, आमच्या रस्त्याबद्दल ते कुणालाही पटलं असतं. चाचांनी मला बघितलं आणि आवाज चढवला.

"फाउंडेशन मी टाकलंय. इंजिन जॅकवर उचललेलं व्हतं, वजन रबरावर यायच्या आधीच मी बोल्ट आवळले. रबर पिळा घेऊन बसलं. पयल्यांदा कळलं न्हाई, हळूहळू दबत गेलं. ही चूक माझी हाय. इंजिनाची न्हाई आन् सुभाषची बी न्हाई."

पुन्हा खाली जाऊन त्यांनी बोल्ट सैल केले, इंजिन चालू करायला सांगितलं आणि नुसतं चालू दिलं. सगळ्यांचा चहा होईपर्यंत त्याला आपल्या आपण जागा धरू दिली. मग आवळलं. डॅशबोर्डावरचा गणपती इतका वेळ अंगात आल्यासारखा डोलत होता, तो गप्प उभा राहिला.

देवराव गाडीत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "हेच बिघडवणार, हेच नीट करणार." लोक हसले. हसण्याच्या आवाजात तो निघून गेला. बाजारात जे बोलला होता ते त्यानं परत घेतलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढेही कधी नाही. वर गाडी मात्र त्या दिवसापासून चाचांकडेच आणायला लागला. मी गॅरेजवर असलो की लांबून हात करायचा, जसं काही झालंच नाही.

मी चाचांशीही भांडलो. तुमच्या खरं बोलण्यानं त्याला पळायला वाट मिळाली, म्हणालो. ते पाने पुसत होते. "मी बोललो, मोकळा झालो. तू काहून पिळा घालून बसला?"

या प्रश्नाचं उत्तर मला नंतर सुचलं. ज्याची चूक असते त्याला ती कबूल करून मोकळं होता येतं. माझ्याकडे कबूल करायला काही नव्हतं. मला मोकळं करणारं वाक्य देवरावच्या तोंडात अडकलेलं होतं आणि ते त्यालाच काढता येत होतं.

चाचा मात्र ती चूक मिरवायला लागले. नवं गिऱ्हाईक आलं की आधी तीच गोष्ट सांगायचे. धंद्याचं वाटोळं करताय, असं मी म्हणालो तर उलट मलाच म्हणाले, "ज्याला चूक चालत न्हाई त्यानं मोठ्या वर्कशॉपात जावं. चुका तिथंबी व्हतेत, सांगत न्हाईत." काही गिऱ्हाईकं खरंच परत गेली. जी राहिली ती शेवटपर्यंत राहिली.

शेवटी शेवटी त्यांचे हात कापायला लागले. गाडीच्या टपावर तळवा ठेवायचे आणि स्वतःच हसायचे. "आता गाडी थरथरून राहिली का मी, हे आधी बघावं लागतं." मग खिडकीशी जाऊन तोच प्रश्न विचारायचे, पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देऊन. गेल्या थंडीत ते गेले. मी माती दिली. देवराव कब्रस्तानच्या फाटकाशी उभा होता. आम्ही बोललो नाही.

उन्हाळ्यात देवरावनं ती गाडी विकायला काढली. बघायला येणारा बाजारात चौकशी करायचा आणि कुणीतरी सांगायचं, त्या गाडीचं इंजिन मेलेलं होतं म्हणे. स्वतःचंच वाक्य त्याच्या वाटेत येऊन बसलं होतं. शेवटी माझ्याकडे आला. तुमीच खपवून द्या, म्हणाला.

मी म्हणालो, भाव तुम्ही सांगाल तो, घासाघीस करणार नाही. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "फक्त बाजाराच्या दिवशी त्याच टपरीवर उभं राहून सांगा की इंजिन जिवंत होतं."

"एवढ्याशा गोष्टीसाठी, सुभाषराव? लई दिवस झाले आता."

"एवढीशी हाय तर बोलून टाका."

तो उठून गेला.

पुढच्या बाजाराला मी टपरीवर चहा घेत होतो. समोर ती गाडी उभी होती, शेजारी चहाची बशी घेऊन देवराव, आणि तांड्यावरचा एक तरणा माणूस गाडीभोवती फेऱ्या मारत होता. फिरता फिरता तो माझ्याकडे आला. "शेठ, तुमी गाड्यातले जाणकार. हिचं इंजिन मेलेलं व्हतं म्हणतेत. खरं का?"

टपरीवरच्या माना माझ्याकडे वळल्या. देवरावचा हात बशीवर थांबला. मी नुसता खांदा उडवला असता तरी ती गाडी तिथंच गंजली असती. मनात आलं नाही असं म्हणणार नाही. पण त्या गाडीशेजारी मातीत बसून एक माणूस भर लोकांत स्वतःविरुद्ध बोलला होता, आणि ती जागा मला टपरीवरून दिसत होती.

मी ग्लास ठेवला. त्या माणसाला गाडीत बसवलं, चावी फिरवायला लावली आणि खिडकीशी वाकलो.

"हातात येऊन राहिलं का बुडात?"

तो आधी लाजला. मग नीट लक्ष देऊन बसला. "कुठंच न्हाई."

"मग घे. इंजिन जिवंत हाय." आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुढचं बोललो. "तवाबी जिवंतच व्हतं. जिलानीचाचानं सगळ्यांसमोर दाखवलं व्हतं."

गाडी त्याच दिवशी गेली. देवरावनं माझ्याकडे बघितलं नाही, थंड झालेल्या चहात बघत राहिला. वाक्य त्याचं होतं, बोलावं मला लागलं. त्याला मी माफ केलेलं नाही. त्याला बोलायचं असलं तर टपरी आहे तिथंच आहे. दर बाजाराला मी तिथंच चहा घेतो.