अक्कांची फुकनी

एअर डस्टर मी कोणालाही न विचारता मागवला. मेहरूणला आमचं घर आहे. उन्हाळ्यात दुपारी एकदा का वावटळ उठली की खिडकीच्या खाचांत, कूलरच्या जाळीत आणि पंख्याच्या पात्यांवर धूळ अशी बसते की ओल्या फडक्याने पुसावी तर नुसता चिखल होतो. हा डस्टर म्हणजे केस वाळवायच्या यंत्राएवढी, चार्जिंगवर चालणारी वस्तू. बटण दाबलं की फर्रकन वारा. पहिल्याच दिवशी मी कूलर, खिडक्या आणि शिलाई मशीनचं पोट साफ केलं आणि कमरेवर हात ठेवून घरभर पाहिलं. माझं कौतुक करायला मला दुसरं कोणी लागत नाही.

सासूबाई खुर्चीवर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांना आम्ही सगळेच अक्का म्हणतो. उडालेली धूळ त्यांच्या पदरावर जाऊन बसली होती.

"तू धूय काढी नही व, फकत तिनी जागा बदली दिनी," त्या पदर झटकत म्हणाल्या. "फुकनी शे ही, चुल्हानी फुकनी."

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मी ते मान्य केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र दारं-खिडक्या सताड उघडून आतून बाहेर वारा मारू लागले. चूक सुधारायची, तिची चर्चा करत बसायचं नाही, हा माझा खाक्या.

अक्का धुळ्याकडच्या खेड्यातल्या. दर उन्हाळ्यात त्यांचे भाऊ तिकडून शेतातला गहू पाठवतात, दोन पोती. अक्का तो गच्चीवर वाळवायच्या, सुपाने पाखडायच्या, एरंडेल चोळून कोठीत भरायच्या. वर्षभराची पोळी त्यांच्या हाताखालून जायची. मलाही त्यांनी सूप धरायला शिकवून पाहिलं होतं. पण माझ्या सुपातून गहू खाली पडायचा आणि काडीकचरा वर राहायचा, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला.

या हिवाळ्यात धुळ्याच्या बस स्टँडवर पायरी चुकून त्या पडल्या. खांद्याचं हाड जुळलं, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. सूप सुटलं. माझ्या नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं, "अक्का, यंदापासून गहू बंद. पाकिटातलं पीठ आणू. तू आता आराम कर." आपण आईवर माया करतोय असंच त्याला वाटत होतं. संध्याकाळी मी अक्कांची वेणी घालत होते, तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माले आते या घरमा काय काम शे व?"

मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. जेवताना तो नवऱ्याला पोळीसोबत वाढला.

एवढं ठरवणाऱ्या माणसाची मामांना "गहू पाठवू नका" म्हणायची हिंमत मात्र झाली नाही. त्यामुळे वैशाखात दोन पोती दारात आलीच. तो म्हणाला, मशीनवर साफ करून आणू. अक्का म्हणाल्या, "देखू."

एका सकाळी मी स्वयंपाकघरात असताना गच्चीवरून ओळखीचा फर्रर्र आवाज आला. डस्टर जागेवर नव्हता. मी धावत वर गेले. अक्का स्टुलावर बसल्या होत्या. समोर घमेलंभर गहू, डाव्या हातात माझा डस्टर आणि बटण थेट शेवटच्या वेगावर. कोंडा तर उडालाच, पण त्याच्यासोबत गहूही कठडा ओलांडून शेजारच्या गच्चीवर गेला होता. तिथे शेजारच्या भाभी, राजस्थानातून आलेल्या किराणा व्यापाऱ्याच्या घरातल्या, नुकत्याच ओल्या मुगवड्या घालून उठत होत्या.

"अक्का, माझ्या वड्यांत गहू पेरलात," त्या कठड्याशी येऊन म्हणाल्या. "आता पाणीही तुम्हीच घाला!"

त्या हसत होत्या, पण अक्कांना हसू आलं नाही. त्यांनी डस्टर मांडीवर ठेवला. "ऱ्हाऊ दे व. व्हत नही आते."

हे वाक्य मी ऐकून घेणार नव्हते. मी बटण सगळ्यात हळू वेगावर आणलं, डस्टर परत त्यांच्या डाव्या हातात दिला आणि चादर अंथरून, सुपात गहू घेऊन विचारलं, "वारा तुम्ही घाला, गहू मी सोडते. कसा सोडू ते सांगा."

अक्कांनी डस्टर उचलून धरला. मग आवाज चढला. "वर धर. अजून वर. बारीक धार सोड, घाई नको करू."

मी सूप डोक्याच्या वर धरलं. गव्हाची धार सरळ चादरीवर पडू लागली. अक्कांनी बाजूने वारा धरला, जरा मागे सरकल्या, मनगट किंचित वळवलं आणि कोंडा, काड्या, माती सगळं पाण्याच्या टाकीकडे निघून गेलं. चादरीवर स्वच्छ गहू राहिला.

"माहेरना खयामा वारा पडना का बठ्ठा बशी ऱ्हायेत," त्या म्हणाल्या. खळ्यात वारा थांबला की सगळे नुसते बसून राहायचे, असं. "आते वारा मना हातमा शे."

मधे बॅटरी संपायची. ती चार्ज होईपर्यंत आम्ही खडे वेचायचो. भाभींनी वड्यांतले गहू काढता काढता विचारलं, "अक्का, माझी डाळपण आणू का उद्या?" अक्कांनी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. त्या आठवड्यात दोन्ही पोती साफ झाली. माझे दंड भरून आले, ते मी सगळ्यांना ऐकवलं, आणि अक्कांना त्याची काडीची दया आली नाही.

शेवटचं घमेलं चालू असताना नवरा गच्चीवर आला. तेवढ्यात मामांचा फोन आला. अक्कांनी तो स्पीकरवर घेतला.

"हात कसा शे तुना?" मामांनी विचारलं.

"हात?" अक्का म्हणाल्या. "हात कामले लागना. पुढला साल तीन पोता धाडजो."

कामाला लागला होता तो डावा; मामांनी उजव्या हाताचं विचारलं होतं. तो अक्कांच्या मांडीवर होता तसाच होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी मुद्दामच पाहिलं नाही. मग तो खाली गेला आणि गव्हाची कोठी पुसायला बसला.