मागच्या सीटवरचा होकार

माझ्याबद्दल लोक एक गोष्ट चांगली बोलतात आणि ती खोटी आहे. ‘सर समंजस आहेत, सगळ्यांचं ऐकून घेतात.’ मी ऐकून घेत नाही. मी मान हलवतो. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हलवून टाकतो, म्हणजे तो लवकर संपतो. पन्नाशी उलटल्यावर हे कबूल करायला हरकत नाही. शिवाय ज्या दोन माणसांपासून हे लपवायचं होतं, त्यांना ते कळून आता दीड वर्ष झालं.

आमची शाळा मेढ्याच्या पुढं डोंगरात आहे. छोट्या संस्थेची एकुलती एक शाळा, त्यामुळे बदलीची भीती नाही आणि आशाही नाही. साताऱ्याहून रोज मी हेडसरांच्या गाडीतून जातो. गाडी ते स्वतः चालवतात. त्यांच्या शेजारी आमचे क्लार्क बसतात. सैन्यात सतरा वर्षं काढून आलेले, मूळचे कुंडलचे. त्यांना सगळे फौजी म्हणतात. मागं मी, तिघांचे डबे आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे.

हेडसर माळकरी. फौजींच्या मते ज्या जेवणात हाड नाही ते जेवण नव्हे, नाष्टा. या दोघांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत होत नाही. निवडणूक, पाऊस, पोरांच्या हातातले मोबाइल, चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर घ्यावी की तिसऱ्या. कण्हेरचं धरण दिसलं की सुरू होतात ते मेढ्याच्या बाजारपेठेपर्यंत. आणि दोघांनाही साक्षीदार लागतो. हेडसर आरशातून माझ्याकडे बघतात, फौजी मान वळवून बघतात. हेडसरांचा डोळा आरशात असला की मी त्यांना मान द्यायचो. मग त्यांना रस्त्याकडे बघावंच लागायचं, तेवढ्यात मी फौजींना द्यायचो. अकरा वर्षं हा धंदा बिनबोभाट चालला.

आता मुळातलं पाप सांगतो. पहिल्याच दिवशी हेडसरांनी विचारलं होतं, “तुम्हीही आमच्यातलेच ना? खाण्यापिण्याचं?” गाडी त्यांची, नोकरी नवी. मी मान हलवली. तेव्हापासून मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यातली एक भाकरी माझी. त्यांच्या तांब्यातलं पाणी माझं. फौजी वेगळ्या टेबलावर. चार वर्षांपूर्वी त्यांनी आळंदीहून माझ्यासाठी तुळशीची माळ आणली आणि म्हणाले, “घाई नाही. मन होईल तेव्हा घाला.” ती माळ माझ्या कपाटात जुन्या चार्जरांमध्ये पडली होती. आणि दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी भाजी घ्यायची म्हणून स्टँडजवळ उतरायचो, आणि तिथल्या गाड्यावर भिंतीकडे तोंड करून दोन अंड्यांचं आम्लेट खायचो. घरी भाजी जायची नाही. बायको विचारायची, “सगळ्या जगाला हो म्हणता. तुमचं स्वतःचं मत काय आहे?”

“कशाबद्दल?”

“कशाबद्दलही चालेल.”

मी म्हणायचो, तुझं बरोबर आहे.

फौजींशीही मी सरळ नव्हतो. त्यांना वाटायचं प्रत्येक घरातला एक पोरगा सैन्यात जावा. मी एकदा बोलून बसलो की माझा जाणार. दर दिवाळीला ते त्याची उंची विचारायचे. पोरगा सांगलीत बी.कॉम. करत होता, आणि रस्ता ओलांडतानाही त्याला धाप लागते.

तर वरून एक पत्र आलं. शाळेच्या खिचडीबरोबर मुलांना आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्यावं, जे खात नाहीत त्यांना केळं. कसं राबवायचं ते शाळेच्या आहार समितीनं ठरवावं. समितीत हेडसर, फौजी आणि मी.

त्या संध्याकाळी फौजी काही कामासाठी वाटेत उतरल्यावर हेडसर म्हणाले, “शाळेच्या चुलीवर अंडं चढणार नाही. सगळ्यांनाच केळं देऊ. भेदभावही नको.”

मी म्हणालो, “अगदी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर गाडीची वाट बघताना फौजी म्हणाले, “सर, सगळ्यास्नी अंडं. केळं कुनालाच न्हाई.”

मी म्हणालो, “अगदी.”

गाडी आली. कण्हेरच्या अलीकडेच हेडसरांनी विषय काढला. “अंड्याचं आमचं ठरलंय बरं का. दोघांचं.”

“कुनाकुनाचं?” फौजींनी विचारलं.

“माझं आणि सरांचं.”

“आवं, सरांचं नि माजं ठरलंय. आत्ता, नाक्यावर.”

गाडीत माणसं तीन, आणि ठरवून मोकळी झालेली चार. हेडसरांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पहिल्यांदाच आरशातून न बघता मागं वळले. फौजी वळलेलेच होते. दोन्ही तोंडं एकाच वेळी माझ्याकडे. अशा प्रसंगाची माझी तयारी नव्हती.

“बोला सर,” हेडसर म्हणाले.

“तसं बघायला गेलं तर दोघांचंही बरोबर आहे.”

फौजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, “ह्येंच्याशी माजं भांडान हाय. लय वर्सं हाय. पर ते कुटं हाय ते मला दिसतंय. तुमच्याशी माजं काय हाय, ते मला आजपातूर कळलं न्हाई.”

“यांचं बरोबर आहे,” हेडसर म्हणाले.

त्या दोघांचं ते पहिलं एकमत, आणि ते माझ्यावर झालं. संध्याकाळी हेडसरांनी एवढंच सांगितलं की उद्यापासून तुम्ही तुमचं बघा. सोमवारी बैठक आहे, तिसरं मत तुमचं.

मी एसटीनं जाऊ लागलो. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मला फाटकातून घामाघूम येताना बघितलं आणि विचारलं, “काय वो सर, गाडी बिगाडली का मानसं?”

माझी अडचण नुसती लाजेची नव्हती. गाडीतली ती जागा कायमची जाणार होती, आणि त्या जागेखेरीज माझ्याशी रोज बोलणारं घराबाहेर कोणी नाही. सोमवारी खरं मत द्यायचं असं मी ठरवलं. पण आत बघितलं तर मतच नव्हतं. इतकी वर्षं माना हलवल्यावर आत फक्त मान उरली होती. मग वाटलं, निदान त्या दोघांचं काय म्हणणं आहे ते तरी ऐकावं. दोघांची मतं मला तोंडपाठ होती. का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी कराडला गाडी बदलून कुंडलला गेलो. फौजी सुट्टीला गावीच असतात. चड्डीवर, चिखलात उभे राहून उसाच्या सरीत पाणी वळवत होते.

“माफी मागाय आलाय जनू,” ते म्हणाले.

“नाही. विचारायला आलोय. केळ्यानं तुमचं काय वाकडं केलंय?”

त्यांनी खोरं खाली ठेवलं. “भरतीला गेलो तवा वजन दीड किलो कमी. फाटकाभायेर एक जन म्हनला, केळी हान. डझनभर हानली, वर तांब्याभर पानी. वजन भरलं. मग पळाय लावलं. तिसऱ्या फेरीला सायबाच्या बुटावर समदं परत.”

“मग?”

“मग काय, घरी. तवापासनं केळ्याच्या गाड्याशेजारनं जात न्हाई मी. लगनात केळीचं खांब बांदत्यात, तितं बी जरा लांबच.” मी हसलो. ते हसले नाहीत. “आईनं कोंबड्या आनल्या. वरीसभर मला रोज दोन अंडी. फुडल्या भरतीला लागलो. धाकटी भन हुती घरात. तिला त्या वर्सात येक अंडं मिळालं न्हाई. चुलीम्होरं बसून माज्याकडं बघायची. आता वर्गात पोरी बघतो तर ती दिसती. येवडंच हाय माजं. बाकी समदं गाडीत बोलाय बरं असतंय.”

अकरा वर्षांत बहीण आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. एवढा सरळ बोलला माणूस, तर आपणही काही द्यावं म्हणून मी म्हणालो, “माझा मुलगा सैन्यात जाणार नाही.”

“ठावं हाय. फेसबुकावर गिटार वाजीवतो की. चांगली वाजीवतो.”

“मग दर दिवाळीला उंची का विचारत होता?”

“तुमी कवा खरं बोलताय बगत हुतो.”

संध्याकाळी साताऱ्यात उतरलो तो तसाच हेडसरांच्या घरी. ते आठवड्याच्या पांढऱ्या शर्टांना इस्त्री करत होते. बसा म्हणाले नाहीत, पण इस्त्रीही थांबवली नाही. मी विचारलं, “पोरांनी अंडं खाल्लं तर तुमचं काय जातं? भांडायला नाही आलो. मला माहीत नाही, म्हणून विचारतोय.”

त्यांनी एक बाही पुरी केली. “आमचे वडील प्यायचे,” ते म्हणाले. “आई आम्हाला घेऊन शेजारच्या गोठ्यात बसायची. मग एका बुवांनी त्यांना माळ घातली आणि ते थांबलं. एका दिवसात. त्या माळेतला कुठला मणी दारूचा आणि कुठला अंड्याचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नाही. एक मणी ओढून बघायची माझी छाती नाही. मुलांनी खाऊ नये असं मी म्हणत नाही सर. माझ्या सहीनं शिजू नये.”

मी मान हलवली. ती पहिली खरी असावी. तेवढ्यात त्यांनी शर्टाची घडी घालता घालता विचारलं, “तुमची माळ कधी?”

ती वेळ होती. मी म्हणालो, “बघू.” आणि त्यांच्याच तांब्यातलं पाणी पिऊन घरी आलो.

त्या रात्री चार्जर बाजूला करून मी माळ शोधली आणि खिशात टाकली.

सोमवारी बैठकीला मावशीही होत्या, कारण शिजवायचं त्यांना होतं. हेडसरांनी आपलं सांगितलं, फौजींनी आपलं. मग सगळे माझ्याकडे बघत बसले. मावशी म्हणाल्या, “म्या पोरास्नी इचारलं. समदी म्हनली, दोनी द्या.”

“मुलांना मत नाही,” हेडसर म्हणाले. “सर, तुम्ही.”

“जी मुलं घरी खातात, त्यांना अंडं द्यावं,” मी म्हणालो. “मुलींना आधी. बाकीच्यांना केळं.”

फौजींना केळं खटकलं, हेडसरांना अंडं. इथंच थांबलो असतो तर मत दिल्याचं समाधान मिळालं असतं. पण हेडसरांचा चेहरा बघितला. आपला माणूस फितूर झाला असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरं नव्हतं. मी त्यांचा माणूस कधी नव्हतोच. मी माळ टेबलावर ठेवली.

“मीसुद्धा खातो, हेडसर. दर शनिवारी. स्टँडजवळ.”

त्यांनी माळ बोटानं आपल्याकडे ओढली. “पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

“माझी भाकरी खाल्लीत तुम्ही.”

“हो.”

“शनिवारीसुद्धा?”

“शनिवारी आधी तुमची भाकरी. मग ते.”

मावशींनी पदर तोंडाला लावला. “आवं हेडसर, आमास्नी ठावं हुतं. शनवारी सुटायची घंटा सर धा मिंटं आदीच द्यायचे. भाजीसाटी येवडी घाई कोन करतंय?”

फौजींनाही हसू आलं होतं. पण हेडसरांकडे बघून त्यांनी ते गिळलं. त्या दोघांत किती माया आहे, हे मला तेव्हा दिसलं. हेडसरांनी माळ उचलली, शर्टाच्या खिशात पेनामागं ठेवली आणि वहीत मी म्हणालो तोच ठराव लिहायला घेतला. शाळेच्या चुलीवरच अडलं. मावशी म्हणाल्या, “माज्या चुलीवर उकडून आनते की. तुमची चूल तुमच्यापाशी.” तसं लिहून हेडसरांनी सही केली. मत त्यांचं अजून तेच आहे. बुधवारी अंड्यांचं पातेलं यायच्या वेळेला त्यांना मेढ्याला पंचायत समितीत काम निघतं. तिथं काम नसतं, हे तिथल्या लोकांनाही माहीत आहे.

भाकरी मात्र त्यांनी मला परत कधी दिली नाही. तांब्याही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मधल्या सुट्टीत डबा उघडला की दर वेळी आधी त्यांच्या डब्याकडे नजर जाते. एवढं लिहून ठेवतो.

बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, एसटीच्या थांब्यावर उभा होतो. गाडी आली, थोडी पुढं जाऊन थांबली. फौजींनी आतून हात मागं घालून दार उघडलं. हेडसर आरशात न बघता म्हणाले, “बसा.”

बसलो. थंडीचे दिवस. धरणाजवळ आल्यावर वारं नेहमीसारखं मागच्या सीटवर यायला लागलं. हेडसरांना बंद गाडीत कोंडल्यासारखं होतं, म्हणून त्यांची काच कायम खाली असते. मी म्हणालो, “हेडसर, काच वर घ्या. मला गार लागतं.”

“आजच?”

“नाही. अकरा वर्षं लागतंय.”

“मग बोलला का नाहीत?”

“काच लावायची न्हाई,” फौजी म्हणाले. “मला मळमळतंय.”

“तुम्हाला कोण विचारतंय? गाडी माझी आहे.”

“गाडी तुमची, पोट माजं हाय.”

“आणि कान माझे आहेत,” मी म्हणालो.

मेढ्यापर्यंत हेच चाललं. शेवटी काच अर्ध्यावर आली. हेडसरांना कोंडल्यासारखं झालं, फौजींना मळमळलं, मला गार लागलं.