छिद्राला वाट दाखवणारे आप्पा

छिद्र पाडायचे ड्रिल मशीनला लावण्यापूर्वी आप्पा त्याचे टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच फिरवत. धार जिवंत असली की नखावर पांढरा ठिपका उमटे. नसली की टोक घसरे आणि ते ड्रिल बाजूला जाई. रोजच्या या परीक्षेने ते नख खसखस सांडल्यासारखे दिसे. प्रथम भेटीत बोलण्याचे धैर्य न झाल्याने मी कितीतरी वेळ त्या नखाकडेच पाहत उभा होतो.

माझे वय तेव्हा अठ्ठेचाळीस. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवण्याचे माझे काम संपले होते आणि वारज्यातील त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला धातुकाम शिकायचे होते. "हाक सर म्हनूनच मारीन," आप्पा म्हणाले, "पन झाडू तुम्हीच मारायचा."

भोवतालच्या शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. खराडीत नोकरी करणारा त्यांचा मुलगा शेडही विकून टाका म्हणे. "काम हाय तवर शेड हाय," हे आप्पांचे ठरलेले उत्तर. काम मात्र एकाच गिऱ्हाइकाचे उरले होते. पंप बनवणाऱ्या त्या साहेबांनी बजावले होते, "आप्पा, आता एकदा जरी माल परत आला, तर काम बंद."

त्यात आप्पांची नजर अधू होत चालली होती. "कडंचं समदं दिसतं सर. जिथं बघावं, नेमकं तिथलंच दिसत न्हाई." ही गोष्ट त्यांनी साहेबांपासून लपवली होती. मापांचे आकडे मी वाचत असे. बाकीचे त्यांची बोटे जाणत.

मोठे ड्रिल सरकू नये म्हणून आधी छोटा खड्डा पाडावा लागे; तो कशाने पाडायचा, ते आप्पाच निवडून हातात देत. पहिल्याच आठवड्यात मी आपल्या मनाने सुईसारख्या टोकाचे सेंटर ड्रिल उचलले, तेव्हा ते म्हणाले, "ते लेथवरच्या कामाचं. त्याचं बारीक नाक मोडून आत बसलं, तर काढायला काय तुमचं तत्त्वज्ञान आनायचं? विचारा की वो! विचारल्यानं जीभ झिजत न्हाई."

विचारणे हेच मला आयुष्यभर जमले नव्हते.

एके दिवशी आप्पा डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. साहेबांनी पाठवलेल्या आठ जाड पट्ट्यांना छिद्रे पाडायची होती, आणि त्यासाठी चपट्या टोकाचे नवे कठीण ड्रिल आले होते. सुरुवातीचा खड्डा पाडण्यासाठी खोक्यात दोन आखूड ड्रिले होती, एक टोकदार, एक पसरट टोकाचे. दोन्ही हातांत घेऊन मी उभा राहिलो. फोन समोरच होता. तपासणीच्या वेळी त्यांना त्रास नको, असे मी मनाला सांगितले. अधिक टोकदार ते अधिक अचूक, असे ठरवून मी आठही पट्ट्या पुऱ्या केल्या.

दोन दिवसांनी माल परत आला. छिद्रे जागची सरकल्याने पट्ट्यांवर पंपाचे झाकण बसत नव्हते.

आप्पांनी एका छिद्रात करंगळी फिरवली. "टोकदारानं खड्डा पाडला का?"

"हो."

"खड्डा ड्रिलच्या टोकापरीस पसरट लागतो, सर. मग टोक आधी मधोमध टेकतं आन् सरळ उतरतं. तुमच्या खड्ड्यात टोक राहिलं अधांतरी, पाती आदळली कडंला. ड्रिल सरकणारच." पट्टी खाली ठेवून त्यांनी विचारले, "फोन का न्हाई केला?"

"आपण दवाखान्यात होतात... म्हटलं..."

"लई सभ्य मानूस हाय तुम्ही," आप्पा म्हणाले. एवढी कडवट शिवी मला कोणी दिलेली नाही.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. चूक माझी आहे, हे वाक्य मी मनात जुळवले. ते व्याकरणशुद्धही होते. आप्पा मात्र आधी बोलले. "माझीच चूक, साहेब. डोळं गेल्यात माझं. लपवून ठिवलं व्हतं." पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे. "न्हाई, सरांचा हात चांगला हाय. त्यांना कुठंतरी चिकटवा."

मी हात पुढे केला असता, तर फोन माझ्या हातात आला असता. मी केला नाही.

महिन्याभरात मशीन टेम्पोत चढले आणि शेड मुलाच्या म्हणण्याप्रमाणे विकली गेली. आप्पा खराडीला, अकराव्या मजल्यावर राहायला गेले. मला साहेबांच्याच कारखान्यात काम मिळाले. दर रविवारी आप्पांना भेटायला जाताना, आज साहेबांना खरे सांगण्याची परवानगी मागेन, असे मी ठरवी, आणि प्रत्येक वेळी आप्पाच विचारत, "काय सर, विचारता का न्हाई आता तिथं?" मी होय म्हणे.

गेल्या महिन्यात आप्पा गेले. दहाव्याला साहेब आले होते. माझ्याशेजारी बसून हळहळत म्हणाले, "काय कारागीर होता हो! शेवटी डोळ्यांनी घात केला बिचाऱ्याचा."

मी मान हलवली. होकारार्थी.