दारातली चप्पल

सरांना जाऊन काही महिने झाले, आणि हे अजून मी कोणाला सांगितलेलं नाही. त्यांना तर नाहीच — ज्यांना सांगायला हवं होतं. सर म्हणजे माझे पती. बाहेर सगळे त्यांना सर म्हणायचे. इथे मीही तसंच लिहिते, लिहिणं जरा सोपं जातं.

ते कळमन्याच्या धान्यबाजाराजवळ एका शाळेत शिकवायचे. शाळा सुटली की तिथल्याच एका खोलीत काही मुलांना घेऊन बसायचे. बाजाराच्या आवारात दिवसभर हिंडणारी मुलं — आज गोणीतून सांडलेलं उचलणारी, उद्या गोणीच उचलतील अशी. पोलिसांच्या आधी आपण यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे, एवढंच सरांचं म्हणणं. कॅरम, गणितं, कधी पोहे. मनीषनगरातल्या आमच्या घराचा पत्ताही त्यांनी मुलांना देऊन ठेवला होता, केव्हाही या म्हणून. मला मात्र बजावलं होतं, "दारात पोरगं आलं त काहून आला, असं विचारू नको वं. जेवला का, एवढंच विचार." काहून — म्हणजे का — विचारलं की मूल खोटं सांगायला लागतं, असं त्यांना वाटे.

खोटं मी सांगितलं.

रविवारची दुपार होती. सर आत झोपले होते, मी पुढच्या खोलीत वाचत होते. दार उघडंच होतं. पायरीशी प्रज्वल येऊन उभा राहिला — त्याच मुलांतला, नववीतला, अंगानं अगदी बारीक, कळमन्याहून एवढ्या लांब सायकल मारत आलेला. सर आहेत का, काकू? मी उठलेही नाही. पुस्तकात बोट तसंच ठेवून म्हणाले, नाहीत, बाहेर गेलेत.

का म्हणाले? त्यांना विश्रांती हवी होती, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण उठवलं असतं तर ते आनंदानं उठले असते — आणि मला तेच नको होतं. एक रविवार मला कोणाच्या मुलाशिवाय हवा होता. आणि खरं सांगू? पुस्तकाची थोडीच पानं उरली होती.

प्रज्वल खाली बघत जरा वेळ उभा राहिला. मग बरं म्हणाला आणि सायकल वळवली. जेवला का, हेही मी विचारलं नाही.

त्याच रात्री बाजारातलं एक गोदाम फोडलं गेलं. मोठ्या पोरांनी शटर थोडं वर केलं आणि फटीतून आत सोडलं प्रज्वलला. चौकीदाराचं डोकं फुटलं. मोठे पळाले, हा आतच सापडला. त्याला अल्पवयीन मुलांच्या निरीक्षणगृहात ठेवलं. सर भेटायला गेले, पुन्हा गेले — तो समोरच आला नाही. घरी येऊन त्यांनी दारात चप्पल काढली. मग म्हणाले, "त्याले माह्याकडं यावं नाही वाटलं, काहून?"

मुलांना कधी काहून न विचारणारा माणूस. तो पुढे हेच विचारत राहिला — मला, स्वतःला, कधी नुसताच जेवता जेवता. उत्तर माझ्याजवळ होतं, एका वाक्याचं. मी त्यांच्या ताटात भाजी वाढत राहिले. पुढे त्यांनी ती खोलीही सोडली. पोरांना आपला भरवसा वाटत नाही, मग कशाला बसायचं, म्हणाले. तेव्हाही मी बोलले नाही. न बोलण्याची सवय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

सरांच्या तेरवीला प्रज्वल आला. मधे तो एकदा तुरुंगातही जाऊन आला होता. आता बेसाकडे बांधकामांवर टिप्पर चालवतो. पंगत उठत आली होती, मी त्याच्या ताटात वडे वाढत होते. मान खाली घालूनच तो बोलू लागला. गोदाम फोडायला बोलावणाऱ्या त्या मोठ्या पोरांना नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून सरांच्या घरी सकाळपर्यंत नुसतं बसून राहावं, एवढंच मनात धरून तो आला होता.

"सरची चप्पल दारातच होती, काकू. पाह्यली होती म्या." मग अगदी सावकाश, मलाच सांभाळून घेत असल्यासारखा — "त्याईनंच सांगतलं असन ना, नाही म्हणा म्हणून? थकले असन. मले आता राग नाही."

म्हणजे इतकी वर्षं तिकडे हा, इकडे ते. प्रत्येकाला वाटत राहिलं, दुसऱ्यानं आपल्याला टाकलं.

हातात वड्यांचं भांडं होतं. तोंड उघडायला पुष्कळ वेळ होता. सर आता दुखावणार नव्हते, रागावणारही नव्हते.

मी होकाराची मान हलवली.

प्रज्वलनं ताट संपवलं, माझ्या पाया पडला, आणि दारातून आपली चप्पल घालून गेला. हार घातलेला सरांचा फोटो दाराजवळच ठेवला होता. त्यानं तिकडे पाहिलं नाही.