मोरी आजींचं झाड आणि अस्वलाचा वाटा

सगळ्यांच्या आधी तिथे कोण येऊन गेलं होतं, सांगू? अस्वल! दुसरे आम्ही. आणि तिसरे शेजारचे काका, खांद्यावर करवत टाकून. पण थांबा, आधी कसे गेलो ते सांगते, नाहीतर सूनबाई म्हणेल, "आई, तुम्ही भाताच्या आधीच ताक वाढता."

मी पुण्याची, लेकाकडे, समीरकडे, जपानात कावासाकीला आलेली. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. समीरच्या ऑफिसातले मोरी-सान, म्हणजे मोरीसाहेब, म्हणाले, "नागानोच्या डोंगरात माझी आई एकटीच असते. पानं रंगलीत, जाऊन या." समीरला सुट्टी मिळेना. म्हणून भाऊबीज झाल्यावर शनिवारी मी, सूनबाई वृंदा आणि सात वर्षांची नात मुग्धा, अशा तिघी निघालो. वृंदा जेवणाच्या डब्यांच्या दुकानात पार्टटाइम करते, त्यामुळे तिला जपानी झकास येतं.

तुम्ही जाणार असाल तर ऐका. जलद गाडीला जादा पैसे पडतात. साधी गाडी रमतगमत जाते, पण खिडकीतून डोंगर पोटभर बघता येतात. पुढे बस. ती मोजकीच, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. आणि दोन स्वेटर घ्या. मी एकच नेला, बाकीची थंडी शालीवर भागवली.

बसथांब्यावर मोरी आजी उभ्या. माझ्याच वयाच्या, कमरेत वाकलेल्या, हसल्या की डोळे मिटणार. घराच्या ओसरीवर बसून आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. त्यांनी चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा मागितली! मग मी सवयीने एक दशमी पानावर ठेवून अंगणातल्या दगडावर ठेवली. गाय नसली तरी कावळा तर असेल! तर मोरी आजी लगबगीने आल्या नि पान उचलून घरात घेऊन गेल्या.

मला बाई रागच आला. देवाचा घास असा उचलतात?

"आई, रागावू नका," वृंदा म्हणाली, "इथे अस्वल येतं. माणसाच्या दारात खायची सवय लागली, की लोक त्याला बंदुकीने मारतात."

मग मोरी आजींनी मला परसात नेलं. तिथे काकीचं झाड. हे काकी म्हणजे टोमॅटोएवढं केशरी फळ. झाड नुसतं लगडलेलं! आणि वर दोन फांद्यांच्या बेचक्यात मोडक्या डहाळ्यांचं घरटं. एवढा पक्षी कुठला, म्हटलं. तर ते अस्वलाचं आसन! वर बसायचं, फांद्या ओढून फळं खायची, रिकामी डहाळी बुडाखाली घालायची. मी एक फळ चावलं नि जीभ अशी आवळली की बोलताच येईना. मुग्धा हसून हसून लोळली. हे सोलून, वाळवूनच खायचं. अस्वलाला चालतं म्हणे तसंच!

संध्याकाळी बुटक्या टेबलाखाली शेगडी, वर रजई, त्यात पाय खुपसून बसलो. मोरी आजी अस्वलाच्या गोष्टी सांगत होत्या, शेजारणीबद्दल सांगावं तशा. वसंतात बीळ सोडलं की कोवळी पानं नि बांबूचे कोंब. उन्हाळ्यात मुंग्या नि रानातल्या चेऱ्या. आता पानगळीत चेस्टनट, अक्रोड आणि बुना झाडाच्या बिया, दिवसभर नुसतं खाणं. मग बर्फ पडला की उपास आणि झोप. मादीचं बाळंतपणही त्या झोपेतच.

"म्हणजे डिंकाचे लाडू आधीच खाऊन घेते म्हणा!" मी म्हटलं. वृंदाने ते कसं सांगितलं देव जाणे, पण मोरी आजी टाळी देऊन हसल्या.

मग हसू थांबलं. यंदा डोंगरात बुनाच्या बिया धरल्याच नाहीत, म्हणून अस्वल खाली उतरतंय. गावाने ठरवलंय, उद्या झाड तोडायचं. ते झाड त्यांच्या मालकांनी मुलगा झाला तेव्हा लावलेलं. मालक नाहीत, मुलगा लांब. "झाडाशी बोलते मी," म्हणाल्या, आणि चहा ओतायला लागल्या.

सकाळी शेजारचे काका करवत घेऊन हजर. मी झाडाला पाठ लावून उभी.

"विचार गं त्यांना, झाड नकोय की फळं नकोत?"

"फळंच नकोत," काका म्हणाले. "पण काढणार कोण? हिचे गुडघे गेले, माझी कंबर गेली."

"म्हणावं, आज आम्ही आहोत."

"आज आहात. पुढच्या वर्षी?"

वृंदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "येऊ," म्हणाली. "दर वर्षी येऊ."

"शहरातले सगळे असंच म्हणतात." पण करवत त्यांनी भिंतीला टेकवली आणि शिडी आणली.

टोकाला चिरलेल्या बांबूत डहाळी पकडायची, पिळायची, की फळ हातात. वृंदा शिडीवर, काका खालून ओरडायला. मी आणि मोरी आजी सोलायला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण साल न तुटता निघाली की दोघी एकमेकींना दाखवत होतो! दुपारपर्यंत ओसरीवर दोरीला केशरी तोरणं. शेंड्यावर एकच फळ राहिलं. मी बोट दाखवलं, तर मोरी आजींनी हात आडवा केला: ते पाखरांचं, तसाच रिवाज आहे. काका पुटपुटले, "एकासाठी अस्वल चढायचं नाही." माझ्या दशमीचा राग तिथे गेला.

निघताना काकांनी पुन्हा विचारलं, "नक्की कधी?" आता आमची भाऊबीजेची तिथी दर वर्षी हलते, ती यांना कशी सांगायची? रात्री गोष्टी सांगताना मोरी आजींनी अस्वलाच्या छातीवरची पांढरी खूण बोटाने हवेत काढून दाखवली होती, आपल्या कपाळावरच्या चंद्रकोरीसारखी. तीच मी काढली आणि आभाळाकडे बोट केलं. वृंदाने बाकीचं सांगितलं.

कावासाकीला परत येऊन महिना होतोय. काल खोक्यातून वाळलेली काकी आली, खजुरासारखी गोड. मुग्धा मोठ्या तोऱ्यात म्हणते, आमच्या झाडाची. मी पुढच्या आठवड्यात पुण्याला चालले. गुडघे बरे राहिले तर येईन, नाहीतर हे तिघं जातीलच, समीरने सुट्टी आत्ताच सांगून ठेवलीय. मोरी आजींना कॅलेंडर बघायला नको. काकी केशरी झाली, की संध्याकाळी पश्चिमेला बघायचं. भाऊबीजेची कोर दिसली, की त्यानंतरचा पहिला रविवार.